जोधपूरची धूळ आणि नागपूरचा धूर : निर्देशांकाचा आकडा सारखा असेल तर हवाही सारखीच समजावी का?

धंतोलीकर (प्रश्न)
उन्हाळ्यात माझी जोधपूरला बदली होत असून दम्याचा त्रास असलेले वडील सोबत येणार आहेत. तेथे मे महिन्यात आणि नागपुरात जानेवारीत हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) २०० दिसला, तर दोन्ही ठिकाणची हवा सारखीच वाईट मानावी का? वाळवंटातील धूळ नैसर्गिक असल्यामुळे ती फारशी बाधत नाही, असे काही सहकारी सांगतात. त्यात तथ्य आहे का?

जुना रामदासपेठी
आपल्याकडे २०१५ पासून वापरात असलेल्या निर्देशांकात आठ प्रदूषके धरली जातात, परंतु त्यांची सरासरी काढली जात नाही. ज्याची स्थिती सर्वांत वाईट, त्याचाच आकडा जाहीर होतो. पीएम १० चे (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे) २४ तासांचे प्रमाण घनमीटरमागे २५० मायक्रोग्रॅम झाले तरी निर्देशांक २०० येतो आणि पीएम २.५ चे (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या अतिबारीक कणांचे) अवघे ९० झाले तरीही २०० च. म्हणून आकड्याशेजारी प्रमुख प्रदूषक कोणते दिले आहे, ते आधी पाहावे. जोधपुरात आंधीच्या (धुळीच्या वादळाच्या) दिवसांत ते बहुधा पीएम १० असते. नागपुरात हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचते तेव्हा वाहने, पेटवलेला कचरा आणि कोळशाचा धूर यांमुळे पीएम २.५ वाढते, आणि हे बारीक कण फुप्फुसांत अधिक खोलवर जातात.

‘नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी’ हा समज मात्र सोडून द्यावा. वाळूचे जाड कण फार उंच जात नाहीत. ते वाऱ्याबरोबर उड्या मारत पुढे सरकतात आणि आदळताना जमिनीतील बारीक कण मोकळे करतात. हेच कण शेकडो किलोमीटर प्रवास करतात. जून २०१८ मध्ये राजस्थानकडून आलेल्या धुळीने दिल्लीचे आकाश मातकट झाले होते, ते याच कारणाने. दम्याच्या रुग्णाला हे कण पुरेसे त्रासदायक ठरतात. पीएम १० साठी २४ तासांची भारतीय मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली ४५. आणि धूळ वाळवंटातील आहे म्हणून त्यांपैकी कोणतीही मर्यादा सैल होत नाही.

मारवाडातून परतलेला
वरील उत्तरात एक भर घालतो. गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरते आणि धुळीची भिंत उभी करत येते. हा प्रकार बहुतेक वेळा तासा-दोन तासांत ओसरतो. २४ तासांच्या सरासरीत तो तास बुडून जातो, त्यामुळे घरात आजारी माणूस असेल तर दर तासाचे आकडे पाहावेत. दुसरे असे की, आपण नागपूरकर कूलरशिवाय उन्हाळ्याची कल्पनाच करू शकत नाही, पण कूलर बाहेरची हवा आत ओढतो. ओल्या ताट्या जाडी धूळ काही प्रमाणात अडवतात, बारीक नाही. आंधीची चाहूल लागताच तो बंद करून खिडक्या लावाव्यात आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे.

धंतोलीकर
आभारी आहे. बाहेर पडताना तोंडाला दुपट्टा बांधला तर पुरेल का?

जुना रामदासपेठी
उन्हासाठी पुरेल, बारीक धुळीसाठी नाही. चेहऱ्याला नीट घट्ट बसणारा एन-९५ मुखपट वापरावा. मात्र दम्याच्या रुग्णाला त्यातून श्वास घेणे जड जाऊ शकते, म्हणून निघण्यापूर्वी वडिलांच्या डॉक्टरांना मुखपट आणि इनहेलर या दोन्हींविषयी अवश्य विचारावे.