मदत हवी आहे: दोन मजल्यांसाठी ॲक्सेस पॉइंटचे अँटेना कसे ठेवावेत?

आमच्या दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर तीन अँटेनांचा एक ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारे उपकरण) भिंतीवर बसवलेला असून, तिन्ही अँटेना उभे ठेवले असता त्या मजल्यावर वाय-फाय उत्तम चालते. परंतु बरोबर वरच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वारंवार तुटतो. उभ्या अँटेनाच्या लहरी कड्यासारख्या आडव्या पसरतात आणि टोकाच्या दिशेने, म्हणजे थेट वर व खाली, क्षीण असतात, हे लक्षात घेऊन मी एक अँटेना आडवा केला. वर थोडा फरक पडला, पण तळमजल्यावरील शेवटच्या खोलीतला वेग घटला. जास्त गेनचे, म्हणजे सिग्नल ठरावीक दिशेत अधिक एकवटणारे, अँटेना लावण्याचा सल्ला मिळाला होता. मात्र त्यांच्या लहरींचा पसारा अधिकच चपटा होत असल्याने (गेन काही शून्यातून निर्माण होत नाही) तो मला पटत नाही. २.४ गिगाहर्ट्झ स्लॅबमधून बरा पोहोचतो, पण तिथे १, ६ आणि ११ या चॅनेलवर आधीच गर्दी आहे.

एक अँटेना उभा, एक ४५ अंशांत कललेला आणि एक आडवा ही मांडणी भरवशाची ठरेल का, की केबल वर नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणेच योग्य? शेजारी लोखंडी कपाट आहे. त्यापासून किती अंतर राखावे, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.