जुन्या वाड्याचं लाकूड घेऊन शेतात नवा वाडा बांधावा का?

ओसरीवाला: तुळजापूर रोडला आमची तीन एकर जमीन आहे. वडील रिटायर झालेत, त्यांना तिथंच राहायचंय. बंगला नको, चौक-ओसरीचा वाडा पाहिजे म्हणतात. बार्शीकडं एक वाडा उतरवतायत. त्याचे बारा सागवानी खांब, तळखडे (खांबाखालचे दगड), तुळया, शिवाय दाराची नक्षीची चौकट मिळतेय. बघून आलो. एका खांबाला कमरेच्या उंचीवर बोटभर खाच पडलीय, रवीच्या दोरीची. किती पिढ्यांचं ताक झालं असेल तिथं! नव्या वाड्याचा बेत असा: भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात. खाली शहाबादी, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. मे महिन्यात पारा 43-44 ला जातो आणि सध्याच्या घराचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारखा तापलेला असतो. काय वाटतं तुम्हाला?

नकाशा_घ्या: 30 सप्टेंबर 1993 ची पहाट विसरलात का? किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती अशाच घरांत. जाड दगडी भिंती, दगडांच्या सांध्यांत नुसती माती, आणि डोक्यावर माळवद. एक घनफूट माती पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर थर म्हणजे पाच टनांच्या वर ओझं, तेही कोरडं असताना. हौस म्हणून आईवडिलांना त्याखाली झोपवू नका.

गवंड्याची_लेक: दादा, दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. आत एक थर, बाहेर एक थर आणि मधे चिपा-माती भरलेली. हादरा बसला की दोन्ही थर सुटून दोन बाजूंना फुगतात. माझे वडील भिंतीच्या आरपार जाईल असा लांब दगड थोड्याथोड्या अंतरावर घालायचेच, कोपऱ्यात तर हटकून. त्यात दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा द्या. चुन्याला मात्र घाई चालत नाही. तो हवा खात हळूहळू दगड होतो, महिने लागतात. दिवाळीत वास्तुशांत ठरवून गवंड्याच्या मागं लागाल तर सिमेंटच वापरा, उगाच चुन्याला बदनाम करू नका.

नकाशा_घ्या: काँक्रीटचा पट्टा आला म्हणजे वाडा कसला? बंगल्याला फेटा बांधला म्हणा!

गवंड्याची_लेक: फेटा बांधून जीव वाचत असेल तर बांधू की.

चाटी_गल्ली: काय बे, माळवदाचं कौतुक करणाऱ्यांनी कधी मृगाच्या आधी पांढरी माती वर वाहिलीय का? आमच्या आजोळी दरसाल हेच. तरी पहिल्या झडीला आजी घरभर पातेली मांडायची. गारवा होता, खरंय. विंचूही होते.

वेशीजवळचा: माझा आक्षेप निराळा. तुमच्यासारखं गिऱ्हाईक तयार असतं म्हणून वाडे लवकर उतरतात. पाच भावांचा वाद, वर पिंपळ उगवलेला. तेवढ्यात कुणीतरी खांबांचा भाव सांगतो. डागडुजीचा विषय तिथंच संपतो. गावातला वाडा मोडून शेतात वाडा, याला जतन म्हणायचं?

ओसरीवाला: हा वाडा माझ्या आधीच मोडायला काढलाय. मागच्या बाजूच्या छताच्या लाकडी कड्या वीटभट्टीला गेल्यात, डोळ्यांनी बघितलं. मी नाही घेतले तर खांबही तिकडंच जातील. दुकानातलं नवं सागवान इतक्या घट्ट रेषेचं मिळत नाही, सुतारही तेच म्हणाला. (त्याची अट एकच: आधी सगळे खिळे उपसून द्या, रंध्याचं पातं गेलं तर पैसे तुमचे.)

वडिलांना हे सगळं वाचून दाखवलं. माळवदाचा हट्ट सोडला, वर कौलं घालू म्हणाले. भिंतींचं इंजिनिअरला दाखवून ताईंच्या पद्धतीनं. रवीचा खांब मात्र स्वयंपाकघराच्या दाराशीच पाहिजे.

वेशीजवळचा: खांब न्या. पण मोडायच्या आधी त्या वाड्याचे फोटो आणि मापं तरी घेऊन ठेवा, चौकाची विशेष. आणि चौकटीवर कुणाचं नाव कोरलेलं असेल तर ते तासू नका.

ओसरीवाला: नाव नाही, गणपती आहे. मापं रविवारी घेतो.