मुरगावचा फलक: 'शत्रू' ठेवू की काढू? (उद्या छपाई!)

प्रेषक: सुहास
मंडळी, इथे हाम्बुर्गला लावायचे आपले इतिहासाचे फलक उद्या दुपारी छापायला जाताहेत आणि चौथ्यावर घोडं अडलंय. मजकूर: 'सप्टेंबर १९३९ नंतर मुरगाव बंदरात शत्रूची जहाजं उभी होती.' नीताताई म्हणतात 'शत्रूची' काढा. हो की नाही, एवढंच कळवा. जिलबीवर नंतर बोलू.

प्रेषक: नीता
शत्रू कुणाचे? गोवा तेव्हा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ. 'एरनफेल्स', 'ब्राउनफेल्स', 'द्राखनफेल्स' ही जर्मन जहाजं तिथे शिरली ती ब्रिटिशांच्या तावडीतून सुटायलाच. मुंबईत सापडली असती तर खलाशांची रवानगी नगरच्या छावणीत. आणि तिथलंच इटलीचं जहाज 'आन्फोरा' फलकावरून कुठे गेलं?

प्रेषक: हार्बुर्गचे काका
नगरहून त्या जर्मनांना देवळालीला नेलं, तिथून डेहराडूनला. आमचे वडील तेव्हा देवळालीला शाळेत. तारेपलीकडचे कैदी बघायला पोरं जमायची, गोऱ्यांनी गोऱ्यांनाच डांबलंय याचं नवल! असो. मुरगावातून पाणबुड्यांना बातम्या जातात असा ब्रिटिशांना वहीम होता, म्हणजे त्यांच्या लेखी शत्रूच. मजकूर माझा आहे. गणपतीच्या पोस्टरमध्ये मी नाक खुपसलं होतं का?

प्रेषक: मंदार
आमची आजी वास्कोची. मार्च १९४३, इन्त्रुजचे, म्हणजे गोव्याच्या कार्निव्हलचे दिवस. बंदराकडे आभाळ लाल झालं तेव्हा तिला वाटलं, दारूकाम चाललंय. ब्रिटिशांच्या छुप्या छाप्यासाठी कलकत्त्याचे पोक्त कारकून-व्यापारी गाळाच्या बार्जमधून येऊन चढले एकट्या 'एरनफेल्स'वर, आणि बुडाली चारही! जर्मन-इटालियन खलाशांनी आपली आपणच बुडवली. वर पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले. हे फलकावर का नाही?

प्रेषक: हार्बुर्गचे काका
कारण फलक साठ सेंटिमीटरचा आहे, मंदार.

प्रेषक: नीता
काका, पोस्टरमध्ये नाक नाही, मोजपट्टी खुपसली होतीत. दुसरा फलकही तुमचाच ना? १९१४ साली इथे हाम्बुर्ग बंदरात ब्रिटिश जहाजांवरचे हिंदी खलाशी सापडले, त्यांना जर्मनांनी शत्रूची प्रजा म्हणून बर्लिनजवळच्या रूलेबेनच्या छावणीत कोंडलं. तिथे तुम्ही लिहिलंय 'अडकून पडलेले'. मग हे कोण?

प्रेषक: सुहास
'जर्मन जहाजं अडकून पडली होती' असं करतो. काका, चालेल?

प्रेषक: हार्बुर्गचे काका
चालेल. पण 'आन्फोरा' घालायचं तर नुसतं 'जर्मन' चालणार नाही. शिवाय इटली युद्धात उतरली जून १९४० मध्ये, तेव्हा ते १९३९ पण बघ.

प्रेषक: खजिनदार
आणखी एक बदल झाला तर छपाईवाला पुन्हा पैसे मागेल. जिलबी कमी करू का?