सुका कचरा रोज द्यायलाच हवा का?

कोथरूडची खिडकी
सोसायटीच्या येत्या सभेत ठराव मांडतोय. ओला कचरा रोज, सुका फक्त बुधवारी आणि शनिवारी. आमचे ४२ फ्लॅट. दोन्ही बादल्या रोज खाली जातात आणि निम्म्या घरांच्या दोन्ही बादल्यांत सारखाच माल असतो. आमटी सांडलेला पुठ्ठा भंगारवालासुद्धा घेत नाही. सुका ठरल्या वारीच आला तर लबाडी लपणार नाही. बुधवारच्या पिशवीत शितं दिसली की पिशवी परत दारात. २०१६च्या घनकचरा नियमांनी घरातच वर्गीकरण बंधनकारक केलं, आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते अजून पोचायचंय. बोला.

चाळकरी
हे ४२ फ्लॅटवाल्यांनाच सुचायचं. आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. शनिवार ते बुधवार दुधाच्या पिशव्या ठेवू कुठे, देव्हाऱ्यात?

कोथरूडची खिडकी
विसळून वाळवल्या की वास येत नाही. आमच्याकडे खिळ्याला लावतो.

चाळकरी
आमच्याकडे पाणी तासभर येतं. आणि तुमच्याकडे विसळतं कोण? तुम्ही की मावशी?

कोथरूडची खिडकी
मावशी. बरं, हा मुद्दा तुमचा.

बंगळूरवासी
इकडे ही पद्धत आहे. डिसेंबर २०१५मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ‘दोन बादल्या, एक पिशवी’ सक्तीची केली. हिरवी ओल्याला, लाल डायपर वगैरेंना, पिशवी सुक्याला. सुका आठवड्यातून दोनदा. आमच्या इमारतीत छान चालतं, कारण वॉचमन पिशवी उघडून बघतो. गल्लीत मात्र ज्याचा वार चुकतो तो रात्री कोपऱ्यावर पिशवी ठेवून पसार. सकाळी तिथे ढीग, ढिगावर गाय. तरी मी ठरावाच्या बाजूने आहे. पूर्वी रोजच ढीग असायचा.

कार्डिफची वहिनी
थांबा, तुम्ही उलटं करताय! मी वेल्समध्ये राहते. आमच्याकडेही दोन आठवड्यांनी एकदाच गाडी येते, पण ती काळ्या डब्याची, म्हणजे ज्याचं काहीच होऊ शकत नाही त्या कचऱ्याची. उरलेलं अन्न दर आठवड्याला नेतात, कागद-प्लॅस्टिकही दर आठवड्याला. उत्तरेकडच्या कॉन्वीत तर २०१८पासून काळा डबा चार आठवड्यांनी उचलतात. काळ्या डब्यात जागाच उरत नाही, म्हणून माणूस झक मारत वेगळं करतो. वेल्समध्ये पुनर्वापराला जाणारा कचरा ६५ टक्क्यांच्या वर आहे, शेजारी इंग्लंड ४४च्या आसपास अडकलंय. एवढ्या एकाच कारणाने नव्हे, इथे उद्दिष्ट चुकलं तर कौन्सिललाच दंड बसू शकतो. पण गैरसोय कशाची करायची हे त्यांनी नीट निवडलं. तुम्ही ती नेमकी शहाण्या कचऱ्याची करताय.

चाळकरी
वहिनींना +१. चार आठवडे डायपर घरात ही कल्पना मात्र पुण्याच्या मे महिन्यात करून बघा.

कार्डिफची वहिनी
कॉन्वीत डायपर वेगळे नेतात, दर आठवड्याला.

पेठेतली सुमन
सगळे गाडीबद्दल बोलताय, कचरा उचलणारीबद्दल कुणीच नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ची, त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. दारोदारचा सुका माल विकून येणारा पैसा हा त्यांच्या मिळकतीचा भाग आहे. दोनच दिवस सुका दिलात तर त्या दिवशी ढकलगाडीवर डोंगर आणि बाकीचे दिवस हातात काही नाही. ठराव लिहिण्याआधी तुमच्या ताईंना विचारलंत?

कोथरूडची खिडकी
नव्हतं विचारलं. आज सकाळी विचारलं. म्हणाल्या, “सुकं रोज द्या, मला जड नाही. सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून लाल ठिपका करून द्या, एवढंच करा.” लाल ठिपक्याची पत्रकं वाटून काही वर्षं झाली, आमच्या मजल्यावर मला एकही ठिपका दिसलेला नाही. माझ्या घरातसुद्धा.

तर ठराव बदलतो. ओला रोज, सुका रोज, ठिपकेवाला रोज. मिश्र पिशवी फक्त सोमवारी.

बंगळूरवासी
सोमवारी तरी का? मिश्र घेणं म्हणजे नियम मोडायला वार नेमून दिल्यासारखं.

कोथरूडची खिडकी
कारण शून्य ठेवलं तर ती पिशवी तुमच्या त्या गाईसमोर जाईल. सहा दिवस स्वतःच्या घरात कुजू दे, सातव्या दिवशी माणूस आपणहून वेगळं करेल.

चाळकरी
सहा दिवस? शेजारचा माणूस चौथ्या दिवशी तुमच्या दारावर येईल. सभेला मी येऊ का बघायला?

पेठेतली सुमन
मिश्र पिशवी सोमवारी उपसणार कोण, तेही ठरावात लिहा. ताईंचं नाव घालू नका.