घराभोवतीची मेहनत आणि मजा: तुमचे अनुभव सांगा

गावाकडच्या घरी राहायला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली. घराभोवती मोकळी जागा भरपूर आहे याचं सुरुवातीला कौतुक होतं. ती सांभाळायचीही आपल्यालाच आहे, हे पहिल्या पावसानंतर कळलं. बघता बघता गवत गुडघ्याला लागलं. तेव्हा चिडचिड झाली होती. आता मात्र सकाळी खुरपं हातात घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझी आवडती वेळ पाऊस पडून गेल्यावरची. माती ओली असली की तण मुळासकट अलगद निघतं. कोरड्या मातीत ओढाल तर शेंडा हातात येतो आणि मूळ आत बसून हसतं.

तुम्हाला कोणतं काम आवडतं? काय दिसलं, काय फसलं? सजवलेल्या बागेपेक्षा चिखलाचे किस्से जास्त आवडतील.

*

झाडणं. हातात खराटा आला की तासभर मला कोणी हाक मारू नये. पाणी शिंपडलेल्या मातीवर खराट्याच्या अर्धगोल रेघा उमटत जातात, त्या मी मागे सरकत सरकत काढते, म्हणजे माझीच पावलं त्यावर पडत नाहीत. मग मुलं मुद्दाम त्यावरून धावतात.

*

ताई, राग मानू नका, पण तो पाचोळा जाळत असाल तर थांबा. मीही कित्येक वर्षं जाळत होतो. आता खत करायला त्याचा ढीग लावतो. पहिला ढीग सपशेल फसला, कारण नुसतं कापलेलं हिरवं गवत रचलं होतं. चार दिवसांत त्याचा चिकट लगदा झाला आणि वास असा की घरच्यांनी मलाच बाहेर झोपायला सांगितलं. हिरव्यात नत्र जास्त असतं, वाळक्या पाल्यात कार्बन. कार्बन नत्राच्या साधारण 30 पट हवा असं म्हणतात, पण मी तराजू घेऊन बसत नाही. वास आला की पाचोळा घालायचा आणि ढीग खालीवर करून हवा द्यायची. थंड पडला की हिरवं घालायचं, कोरडा असला तर पाणी.

ढीग लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून 3 फूट तरी हवा, नाहीतर ऊब धरत नाही. माझा दुसरा ढीग असा तापला की आत घातलेला हात चटकन मागे घ्यावा लागला. आतलं तापमान 60 अंशांपर्यंत जातं. थंडीच्या पहाटे त्यातून वाफ निघताना बघायला मी शेजाऱ्यांना बोलावलं होतं. ते आले, हे त्यांचं मोठेपण.

*

जाळत नाही हो दादा! कुंपणाकडे ढकलते.

*

कुंपणाकडे ढकलता तेच बरं. आमचा तसाच एक ओलसर, गचपणाचा कोपरा होता. एका वर्षी हौसेने तो खरवडून साफ केला आणि वर दिवा लावला. पुढच्या वर्षी काजवे दिसेनात. मग वाचनात आलं की काजव्यांच्या अळ्या ओल्या मातीत आणि पाचोळ्यात राहतात, गोगलगायी खातात, आणि मोठे झाल्यावर उजेडाच्या खुणांनीच जोडीदार शोधतात. आमच्या दिव्यापुढे त्यांचं काय दिसणार? दिवा काढला, कोपरा तसाच सोडला. त्यानंतर दुसऱ्या वर्षी 7 मोजले. माझ्यामुळेच आले असं म्हणत नाही, त्या वर्षी पाऊसही चांगला होता.

*

काल दोन तास कुदळ चालवली. आज मोजे नवऱ्याने घालून दिले.

*

मी फक्त सुट्टीच्या दिवशी गावी असतो, त्यामुळे आलो की मोठी कात्री घेऊन कुंपणावर तुटून पडतो. मागे अर्धं कापून झालं आणि एक पान विचित्र वळलेलं दिसलं. जवळून बघतो तर कडांना बारीक भोकं आणि त्यांतून ओवलेले धागे. शिंपी पक्ष्याचं घरटं! आत अंडी. कात्री तिथेच खाली ठेवली. अंडी उबायला साधारण 12 दिवस, पिल्लं उडायला आणखी दोन आठवडे. तोवर आमचं कुंपण अर्धं न्हाव्याकडून आल्यासारखं आणि अर्धं झिपरं. येणारा जाणारा विचारायचा, मी सांगायचो. शेवटी सांगून कंटाळलो.

*

माझं खूळ म्हणजे पत्र्यावरचं पाणी. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. माझं छप्पर 60 चौरस मीटरचं. म्हणजे 10 मिलिमीटर पावसात जवळजवळ 600 लिटर! हा हिशेब मी पन्हाळीखाली 200 लिटरचं पिंप ठेवल्यानंतर केला. पहिल्याच जोरदार सरीत, मी चपला शोधेपर्यंत, पिंप भरून वाहिलं आणि नुकता केलेला वाफा वाहून गेला. आता वरच्या पाण्याला चर काढून झाडांच्या आळ्यांकडे वळवलंय. पहिल्या सरीचं घाण पाणी सोडून देतो. पिंपाच्या तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधलेली असते. उन्हाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवसच लागतात, एवढं लक्षात ठेवा.

*

पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाबद्दल अजून कोणीच कसं लिहिलं नाही? त्या वासाला 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. त्यातला मातकटपणा जमिनीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. माझं काम एवढंच: ढग आले की हातातलं टाकून ओट्यावर येऊन बसायचं.

*

धागा काढला तेव्हा इतके जण बोलतील असं वाटलं नव्हतं. ढीगवाल्या दादांना एक विचारायचंय. तुमचं वाचून मीही ढीग लावला, पण त्यात मुंग्यांनी घर केलंय. काय करू?

*

ढीग कोरडा पडलाय. पाणी घालून खालीवर करा, जातील.

*

घातलं. गेल्या. सध्या ओट्यावर आहेत.