'लॉरा'ची चाल त्या पत्राने सुचली म्हणे!

मंद्रसप्तक

जॅझ ऐकणाऱ्याला 'लॉरा' ठाऊक नाही असं सहसा होत नाही. 1944 च्या 'लॉरा' चित्रपटातली ही चाल, संगीतकार डेव्हिड रॅक्सिन. त्याचं नाव निघालं की पाठोपाठ पत्राची गोष्ट निघतेच. दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरला चित्रपटात जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनची 'सोफिस्टिकेटेड लेडी' ही चाल हवी होती. रॅक्सिन आडवा आला: ती चाल लोकांच्या ओळखीची, ऐकताना प्रत्येकाला आपापलं काहीतरी आठवणार, लॉरा बाजूलाच राहणार. प्रेमिंजर म्हणाला, सोमवारपर्यंत दुसरी आण, नाहीतर एलिंग्टनचीच घेतो. रविवार रात्रीपर्यंत काही हाती लागेना. मग रॅक्सिनने बायकोचं पत्र पियानोवर ठेवलं, ती आपल्याला सोडून चालली आहे हे त्याच्या डोक्यात शिरलं आणि चाल आली.

माझं म्हणणं, या गोष्टीने रॅक्सिनचं नुकसानच केलंय. बायको सोडून गेलेले संगीतकार हॉलीवुडमध्ये काय कमी होते? पण 'लॉरा' एकच झाली, कारण ते बोट तयार होतं. वडील फिलाडेल्फियात मूकपटांना वाद्यवृंद वाजवून साथ देत. पोरगा अरेंजर, म्हणजे चालींची वाद्यांसाठी मांडणी करणारा, म्हणून घासला गेला, 1935 मध्ये चॅप्लिनच्या हाताखाली 'मॉडर्न टाइम्स'वर लागला. चॅप्लिन चाली गुणगुणायचा, हा त्या उतरवून वाढवायचा. मालकाशी वाद घातला म्हणून थोड्याच दिवसांत काढून टाकलं आणि परत बोलावलं. पुढे संगीतकार शोएनबर्गकडे शिकला.

आता चाल बघा. पहिलाच लांब सूर खालच्या कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छाचा) नववा, म्हणजे आल्या आल्या अधांतरी. ओळ 'जी मेजर' या पट्टीला जाऊन टेकते न टेकते तोच सगळा प्रकार एक स्वर खाली, एफमध्ये. मग ई फ्लॅटमध्ये. षड्जच पायाखालून सरकत राहतो, आणि खरं घर, सी मेजर, अगदी शेवटी येतं. चित्रपटात लॉरा जवळपास अर्धा वेळ मेलेली समजली जाते, फक्त भिंतीवरच्या तसबिरीत आणि इतरांच्या आठवणींत दिसते. सगळे तिच्यामागे आणि ती कुणाच्या हाती नाही. ही चाल नेमकं तेच करते. पत्र वाचून डोळे भरतील, पण असं गणित सुटत नाही.

तबकडीवाला

अहो, पण ती गोष्ट रॅक्सिन स्वतःच आयुष्यभर सांगत होता! माणूस म्हणतो मला असं सुचलं, आणि तुम्ही इथे बसून म्हणता, नाही, तुला तसं सुचलंच नाही. कसब आणि काळीज असे दोन वेगळे कप्पे असतात का? तयारी तर शनिवारीही तेवढीच होती. तरी चाल आली रविवारीच ना?

आणि दुसरं. ही 'स्टँडर्ड', म्हणजे जॅझवाले पुन्हा पुन्हा वाजवतात अशी चाल, झाली ती रॅक्सिनमुळे नाही. चित्रपटात तिला शब्दसुद्धा नव्हते. लोक चाल मागायला लागले म्हणून 1945 मध्ये जॉनी मर्सरने शब्द लिहिले, वुडी हर्मनची तबकडी तुफान खपली, एरल गार्नरने पियानोवर घेतली, 1950 मध्ये चार्ली पार्करने व्हायोलिनांच्या ताफ्यासमोर सॅक्सोफोनवर वाजवली. वादकांनी उचलली नसती तर आज ती जुन्या चित्रपटांच्या शौकिनांपुरती उरली असती. तुमच्या धाग्यात या मंडळींचं नावच नाही.

मंद्रसप्तक

वादकांचं ऋण मान्य. पण त्याच वर्षी हॉलीवुडमधून चालींची पोतीच्या पोती बाहेर पडली. वादकांनी हीच का उचलली? षड्ज सरकवत नेणारा तो जिना त्यांना सोलोसाठी, म्हणजे एकेकट्याने चाल रंगवायला, आयता मिळाला. म्हणजे घूम फिरके पुन्हा कसबच.

आणि चित्रपटातला तो रात्रीचा प्रसंग आठवा. डिटेक्टिव्ह लॉराच्या घरात एकटाच फिरतोय, कपाट उघडतो, अत्तर हुंगतो, तसबिरीखाली येऊन बसतो. संवाद जवळजवळ नाहीतच. स्टुडिओप्रमुख झॅनक त्या प्रसंगाला कात्री लावणार होता. रॅक्सिन म्हणाला, आधी संगीत घालून बघू. पियानोचे कॉर्ड ध्वनिमुद्रित करताना त्याने वरचा आघात गाळला, नुसता मागे उरणारा नाद घेतला आणि तो थरथरवला. माणूस प्रेमात पडतोय हे तो स्वतः बोलत नाही, ते त्या नादातून कळतं. हे कुठल्या पत्रात लिहिलं होतं?

रेवा

तुम्ही दोघं पत्राला धरून बसलात. मला 1951 बद्दल बोलायचंय. अमेरिकी संसदेच्या समितीने कम्युनिस्ट शोधायचा सपाटा लावला होता, तेव्हा रॅक्सिनला बोलावलं गेलं. तो पूर्वी पक्षात होता. त्याने 11 जणांची नावं दिली. पुढच्याच वर्षी 'द बॅड अँड द ब्युटिफुल'चं संगीत त्याच्याकडे. सोल कॅप्लन हाही चित्रपट संगीतकारच, 1953 मध्ये त्याच समितीपुढे नावं द्यायला नकार देऊन बसला आणि त्याचं काम सुटलं. चरित्र सांगायचं तर हे गाळून कसं चालेल? प्रेमिंजरपुढे ताठ उभा राहिलेला माणूस इथे वाकला.

खवचट_काका

रेवाताई, समोर नोकरी आणि चूल पणाला लागली की कोण किती ताठ राहतो ते घरबसल्या ठरवणं फार सोपं. त्याचा बचाव असा होता की यातली नावं समितीला आधीच ठाऊक होती, काही माणसं तर हयातही नव्हती. आणि आपण केलं ते वाईट, हे त्याने नंतर उघड कबूल केलं. तोंड लपवून नाही बसला.

रेवा

काका, समितीला नावं ठाऊक होती तर मग ती हवी कशाला होती? माणसाला गुडघ्यावर आणायलाच ना? पश्चात्ताप केला, चांगलं केलं. त्याने कॅप्लनचं काम परत येत नाही. मी चाल ऐकू नका म्हणत नाहीये. तिच्याभोवती विरहाचा हार घालून त्या माणसाला संत करू नका, एवढंच.

तबकडीवाला

संत कुणी केलं? पण त्याच्या खात्यात दुसरी बाजूही आहे. 1962 ते 1970 तो संगीतकार-गीतकारांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. हॉलीवुडची रीत अशी, की चित्रपटासाठी पगारावर लिहिलेल्या सुरांची मालकी स्टुडिओची. 'लॉरा' जगभर वाजली, पण तिचे हक्क तिच्या संगीतकाराच्या हातात नव्हते. संघटनेच्या लोकांनी 1972 मध्ये याच मुद्द्यावर स्टुडिओंना कोर्टात खेचलं. आणि ऑस्करचं म्हणाल तर 'लॉरा'च्या संगीताला साधं नामांकनही मिळालं नाही. त्या वर्षी त्या गटात वीसेक चित्रपट होते तरीही!

मंद्रसप्तक

मग बघा, बडतर्फीला न जुमानता चॅप्लिनकडचं काम, प्रेमिंजरशी भांडण, 1951, संघटना, हक्कांचा लढा, एवढं सगळं असताना प्रत्येक लेख त्या रविवारच्या पत्रापाशीच का थांबतो? रेवाताईंचा 1951 चा मुद्दा मला पत्राच्या गोष्टीपेक्षा शंभर वेळा महत्त्वाचा वाटतो, निकाल मी काकांच्या बाजूने देणार असलो तरी.

रेवा

निकाल द्या खुशाल. पण पुढच्या वेळी धागा काढाल तेव्हा कॅप्लनवर काढा. त्याने केलेलं 'नायगारा'चं पार्श्वसंगीत इथे किती जणांनी लक्ष देऊन ऐकलंय?