डिलिव्हरीनंतर भास, एमआरआय नॉर्मल, तरी मेंदूला सूज असू शकते का?

प्रश्न (काळजीत_नणंद): वहिनीची डिलिव्हरी होऊन काही आठवडे झालेत, झोप पार उडालीय, बाळाला कोणीतरी नेणार असं सारखं म्हणायची आणि आता तर बोलणंच कमी झालंय, तोंड काही चावत असल्यासारखं हलत राहतं. डॉक्टर पोस्टपार्टम सायकोसिस (बाळंतपणानंतरचा गंभीर मानसिक आजार) म्हणतायत. एमआरआय नॉर्मल आलाय. सूज असती तर दिसली असती ना?

न्यूरोवाला: नाही, दिसेलच असं नाही! अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस या मेंदूला सूज येणाऱ्या आजारात (२००७ मध्ये न्यूरोलॉजिस्ट डालमाऊंच्या टीमने शोधलेला, म्हणजे तसा अलीकडेच ओळखला गेलेला) एमआरआय खूपदा नॉर्मल येतो. शरीराच्याच अँटिबॉडी मेंदूतल्या रिसेप्टरवर (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांवर) हल्ला करतात, सुरुवात अगदी मानसिक आजारासारखी दिसते. ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) करा, आणि पाठीतलं पाणी काढून त्यात अँटिबॉडी तपासायला सांगा, नुसती रक्ताची टेस्ट कधीकधी निगेटिव्ह येते. तोंडाच्या हालचालींचं वाचून तर मी आजच न्यूरोलॉजिस्टला दाखवलं असतं.

गप्पिष्ट: सायकोसिसच्या गोळ्यांनी अंग कडक होणं, ताप असलं काही झालं का? ते पण सांगा डॉक्टरांना. फिट आली तर थेट इमर्जन्सी. आणि बाळाजवळ तिला एकटं ठेवू नका प्लीज.

काळजीत_नणंद: हो, अंग कडक झालंय. आम्हाला वाटलं अशक्तपणा.

न्यूरोवाला: मग थांबू नका. व्हिडिओ काढून न्या. डोक्यातल्या शिरेत गुठळी नाही ना हेही बघतील, बाळंतिणीत तीही होते. निदान पक्कं झालं तर ओव्हरीत टेराटोमा (एक प्रकारची गाठ) आहे का ते बघतात, असला तर काढतात, सोबत स्टिरॉइड, आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडी). वेळ लागतो, पण बरेच पेशंट चांगले बरे होतात.